पुरुषांचं दळण

पीठ अंगावर बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही, सांगतात मात्र सगळं. एकतीस वर्षं मी फुलसावंगीत आटाचक्की चालवली. केस पिकायच्या आधीच पांढरे दिसत होते, त्यामुळे खरोखर पिकले कधी हे माझं मलाही समजलं नाही. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला, चक्की पुतण्याकडे गेली आणि मी दारात खुर्ची टाकून लोकांना उपदेश करत बसते. फुकटचा उपदेश कोणी घेत नाही म्हणून हा लेख लिहिते आहे.

ज्यांच्या घरी पिठाची थैली दुकानातून येते त्यांच्यासाठी थोडं सांगते. चक्कीत दोन दगडी पाट असतात. एक जागेवर बसलेला, दुसरा त्याला घासून फिरणारा. संसारासारखंच, असं मी बायांना म्हणायची. त्यात बसलेला कोण आणि फिरणारी कोण, हे वेगळं सांगावं लागत नसे. फिरून फिरून पाट गुळगुळीत होतात आणि मग धान्य कापलं न जाता पीठ नुसतं तापतं. अशा वेळी चक्की बंद करून छिन्नी-हातोडीनं पाटांना टाकी लावायची, म्हणजे बारीक बारीक टोचे मारून ते पुन्हा खरबरीत करायचे. या कामाला दोन तास सहज लागतात. हे काम लक्षात ठेवा, पुढं ते माझ्या फार उपयोगी पडलं.

खरी अक्कल लागते ती डबे लावण्यात. गव्हावर ज्वारी टाकली तर पहिलं ओंजळभर पीठ मिसळतं आणि तेवढ्यावरून बाया एकमेकींची सात पिढ्यांची चौकशी करतात. दुसरी अक्कल झाकण उघडल्यावर लागते. धान्यावरून घर कळतं. सुनेनं निवडलेलं वेगळं असतं, सासूनं निवडलेलं वेगळं असतं, आणि दोघींनी भांडत निवडलेलं तर अगदीच वेगळं. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. चक्कीवर बसलं की दुसऱ्याच्या घरातलं सुचतं.

करोनाची पहिली बंदी लागली त्या उन्हाळ्यात हे सुचणं फार वाढलं.

त्या वर्षी आमच्या भागात कापसाचे हाल होते. सरकारी खरेदी थांबलेली, व्यापारी मातीमोल भावानं मागत होते, म्हणून लोकांनी कापूस घरातच रचला. मधल्या खोलीत, पलंगाखाली, काहींच्या तर चुलीपासून दोन हातांवर. साठवलेल्या कापसात उन्हाळ्यात बारीक किडे होतात आणि अंगाला मरणाची खाज सुटते. त्यात बंदी लागली. म्हणजे घरात कापूसही पडून आणि माणूसही पडून. कापसाचं निदान एक बरं असतं, तो चहा मागत नाही.

किराणा आणि चक्की यांना सकाळी परवानगी होती. झालं! ज्या बाया महिन्याचं दळण एकदम टाकायच्या, त्या रोज किलो-किलो घेऊन यायला लागल्या. चौकात पोलीस उभे असायचे. मोकळ्या हाताच्या बाईला ते परत पाठवायचे, पण डोक्यावर डबा असला की काही बोलत नसत. डबा हाच पास. एकदा माझ्या लक्षात आलं की डाव्या बाजूनं चेमटलेला एक डबा सकाळपासून तिसऱ्यांदा आलाय, आणि दर वेळी त्याच्याखालची बाई वेगळी आहे. उघडून पाहिलं तर तोच गहू, न दळलेला. तिसरी बाई शमीमआपा होती. मागच्या गल्लीत राहायची, तिचा नवरा शिलाईवाला. मी तिला पकडलं.

"आपा, हे काय वो?"

"क्या करूँ बाई," ती ओढणीत हसत म्हणाली, "मर्द घर में बैठ गया तो घर छोटा हो गया. ये गेहूँ पीसने का नै. इसको जरा हवा खाने दो."

मी त्या डब्याला बोट लावलं नाही. पावसाळ्यापर्यंत तो गहू गावभर फिरत होता.

आता मंदाबद्दल सांगते. पस्तिशीची, चटपटीत, दोन लेकरांची आई. नवरा सुधाकर शाळेत क्लार्क, शिवाय घरची थोडी शेती. मंदाचा गहू म्हणजे नमुना. "खडा काढून दाखवा, रुपया देते," असं मी इतर बायांना तिचा डबा दाखवून म्हणायची. रुपया कधी द्यावा लागला नाही.

सुधाकरभाऊ पीत नव्हता, मारत नव्हता, आवाजसुद्धा चढवत नव्हता. तो मदत करायचा. शाळा बंद, हाताला काम नाही, मग या गड्यानं घर हाती घेतलं. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, तूरडाळ, हरभराडाळ, जणू पंधरा वर्षं मंदा अंदाजानंच वरण करत होती. कुकरच्या शिट्ट्या मोजून वहीत लिहिल्या. भिंतीवर वेळापत्रक लावलं, त्यात 'चहा दुसरा' अशी एक ओळ होती. गावातल्या बाया म्हणायच्या, मंदानं पूर्वजन्मी काही पुण्य केलं असेल. वाईट नवऱ्याची तक्रार चारचौघींत करता येते. चांगल्याची कोणाकडे करायची?

मग तिच्या गव्हात खडे यायला लागले. आधी एखाददुसरा, मग मूठभर. एकदा गहू आणि ज्वारी एकत्रच आली. "मंदे, चष्मा लागला काय तुले?" म्हणून मी चेष्टा केली.

एका सकाळी ती आली, डबा रांगेत ठेवला, नंबर आला. मी न बघताच झाकण काढलं आणि उचलून ओतायला गेले, तर डबा एकदम वर आला. रिकामा. आत एक दाणा नाही. घरापासून चक्कीपर्यंत ती तो रिकामा डबा डोक्यावर धरून आली होती आणि तिला समजलंच नव्हतं.

मी हसले. चांगली खदखदून हसले, चार बायांनाही दाखवला. त्याची लाज मला अजून वाटते. मंदाही हसली. हसता हसता तिचा चेहरा तसाच राहिला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेचना. मी चक्की बंद केली आणि तिला मागच्या पडवीत नेलं.

"मावशी, मले घरात कुठीच बसता येत नाई वं," ती म्हणाली. "मधल्या खोलीत कापूस, पुढच्या खोलीत हे, मागं पोट्टे मोबाईल घेऊन. रडाले बी जागा नाई. न्हानीत नळ सोडून रडली, तं हे बाहेरून म्हनते, पानी वाया जाऊन राह्यलं."

मला हसू आलं होतं. पण ती पुढं बोलली.

"काल गॅस सुरू केला अन् पेटवाचं ध्यानच राह्यलं नाई. वास येऊन राह्यला होता तरी मी तशीच उभी. काडी हातात. मले काई वाटलंच नाई, मावशी."

पलीकडच्या खोलीत छतापर्यंत कापूस.

मी त्याच दुपारी गावच्या आरोग्यसेविकेला, आशाताईला गाठलं. ती शहाणी पोर. तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी मंदाचं फोनवर बोलणं करून दिलं. मोबाईल होता सुधाकरभाऊचा. त्यानं मदत म्हणून स्पीकर लावला, शेजारी बसला आणि "झोप येते का?" या प्रश्नाचं उत्तरही स्वतःच दिलं: "साडेदहाला झोपते, सहाला उठते, एकदम टाइम टू टाइम." डॉक्टरीणबाई तरी काय करणार!

पुढं चार दिवस मंदा आली नाही. पाचव्या दिवशी शमीमआपानं बातमी आणली. सुधाकरनं पुसदहून घरघंटी आणवली. बायकोला उन्हात डबा घेऊन जावं लागतं, तिला थकवा आला आहे, म्हणून घरातच दळायची सोय. माणूस वाईट असता तर मी शिव्या तरी दिल्या असत्या. त्यानं बिचारीचा चक्कीवरचा अर्धा तासही प्रेमानं काढून घेतला.

मी पदर खोचला आणि गेले. घरघंटी मधल्या खोलीत, कापसाच्या गंजीला टेकून उभी होती. वर टॉवेल, टॉवेलवर फूल. मंदा कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. लसणाच्या पाकळ्या ती टरफलांत टाकत होती आणि टरफलं वाटीत.

"बाई, तुमच्या पोटावर पाय द्याचा नाई मले," सुधाकर म्हणाला. "पन हिची तब्येत."

"चांगलं केलं भाऊ," मी म्हटलं. मग घरघंटीभोवती एक फेरी मारली, वाकून मागं पाहिलं आणि मोठ्यानं श्वास घेतला. एकतीस वर्षांत शिकलेला हा श्वास आहे. तो घेतला की गिऱ्हाईक आपोआप घाबरतं.

"काय झालं?"

"हिले पंखा असते मागं. हवा ओढते. हवेसंग कापसाचं रुवं ओढनं सुरू झालं, अन् मोटार तापली, अन् एक ठिनगी उडाली..." मी गंजीकडे नुसतं पाहिलं.

तो पांढरा पडला. ठिणगीचं मी थोडं वाढवून सांगितलं, पण अगदी खोटं नव्हतं. त्या घरात आग लागायची भीती मला खरोखरच होती, फक्त ती घरघंटीची नव्हती. मंदानं माझ्याकडे पाहिलं. फार दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सुधाकरनं थोडा विचार केला.

"बरोबर हाय बाई. कापूस जाईपर्यंत घरघंटी बंद. हिले तं मी उन्हात पाठवत नाई. दयनाचा डबा मीच घेऊन येत जाईन."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी तो आला. नाकावर मास्क, त्यावर रुमाल, खिशात सॅनिटायझरची बाटली. आल्या आल्या त्यानं मला शिकवायला सुरुवात केली. अंतराचे गोल नीट आखा, डबे तिरपे ठेवा, गहू आधी घ्या, ज्वारी नंतर. बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसत होत्या. त्याचा नंबर आला आणि विजेची लाईन गेली. आमच्याकडे लाईन गेली की कधी येईल हे सांगायला ज्योतिषी लागतो. तो दीड तास कडुनिंबाखाली बसून राहिला. दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहायचा आणि म्हणायचा, "घरी थे एकटी असन, पोट्टे आजीकडे राहाले गेले." मलाही वाईट वाटलं. म्हटलं, आपल्या हातानं त्या पोरीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी शमीमआपा आली. मंदाच्या खिडकीपाशी उभी राहून ती निरोप घेऊन आली होती.

"बाई, मंदा बोली, आज जितना टैम लगाया, रोज उतनाच लगाव."

मला उलगडा व्हायला दोन क्षण लागले. एवढे दिवस आम्ही सगळ्या बाया डबा डोक्यावर घेऊन घराबाहेर पळत होतो, आणि मीही धरून बसले होते की तिला बाहेर काढलं पाहिजे. तिला बाहेर यायचंच नव्हतं. तिला घर रिकामं पाहिजे होतं. बंदी लागल्यापासून दीड तास स्वतःच्या घरात एकटी, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं होतं. तेही वीज मंडळाच्या कृपेनं.

त्या दिवसापासून माझ्या चक्कीवर नवा कायदा लागू झाला. बाईचा डबा आला तर लगेच. पुरुषाचा डबा आला तर रांगेत मागं. गडी कुरकुरले तर पाटांना टाकी लावायची असायची. त्या उन्हाळ्यात मी पाटांना जेवढी टाकी लावली म्हणून सांगितलं तेवढी खरंच लावली असती, तर पाटांची चाळणी झाली असती. छिन्नी घेऊन मी आत बसायची आणि लोखंडाच्या मापावर नुसतं टकटक टकटक करायची.

बायांना हे आठ दिवसांत समजलं. मग काय, एकेकीची कंबर दुखायला लागली, एकेकीला चक्कर यायला लागली आणि कडुनिंबाखाली नवऱ्यांची रांग लागली. चुन्यानं आखलेल्या गोलात एकेक जण डबा पुढ्यात घेऊन बसलेला. कापसाचा नंबर कधी लागेल, खरेदी केंद्रावरून फोन आला का, कोणाची गाडी गेली, हेच त्यांचं सकाळभर चालायचं. कापसाचा नंबर लागत नव्हता आणि पिठाचाही लागत नव्हता. पण हळूहळू मला दिसलं की त्यांनाही बरं वाटत होतं. घरात त्यांना तरी कोण ऐकत होतं? सुधाकर तर सगळ्यांच्या खरेदीच्या अर्जातल्या चुका काढून द्यायचा. पेन कानावर, चेहरा उजळलेला.

इकडे आशाताई नेमकी त्याच वेळात मंदाच्या घरी जायची आणि स्वतःच्या मोबाईलवरून डॉक्टरीणबाईंशी गाठ घालून द्यायची. आता स्पीकर लावायला कोणी नव्हतं. मंदा काय बोलली ते आशाताईनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, हा माझ्या आयुष्यातला एकमेव न विचारलेला प्रश्न. गोळ्या सुरू झाल्या एवढं समजलं. पंधरा-वीस दिवसांनी डब्यातले खडे कमी झाले. पुन्हा मंदानंच निवडलंय, हे माझ्या बोटांना कळलं.

एकदा मीच तिला तिच्या दारात गाठलं. "काय वं करते त्या दीड तासात?"

"काईच नाई मावशी," ती लाजली. "कापसाच्या गंजीवर निजतो."

"अवं, खाज!"

"सुटते ना. मंग संध्याकायभर खाजवतो. पन झोप लागते."

पावसाळा तोंडावर आला आणि मग त्यांच्या कापसाचा नंबर लागला. गाडी भरून गेली, मधली खोली मोकळी झाली. गावात सगळ्यांना आनंद झाला, मला होईना. कापूस गेला म्हणजे ठिणगी गेली. ठिणगी गेली म्हणजे घरघंटी सुरू, सुधाकरभाऊ पुन्हा घरात आणि भिंतीवरचं वेळापत्रक पुन्हा चालू. शाळेचं अजून काही खरं नव्हतं. दोन दिवस कडुनिंबाखालचा त्याचा गोल रिकामा राहिला. मी नवीन काही थाप सुचते का म्हणून डोकं खाजवत होते. पंख्यात उंदीर, पिठाला करंट, काहीही! सुचलं ते सगळं माझं मलाच पटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. हातात डबा. नंबरात बसला, अर्जांचं कोणाशी बोलला नाही. त्याचा डबा उचलला तर जड होता. मी झाकण काढलं.

आत पीठ होतं. बारीक, पांढरं, कोमट पीठ.

"भाऊ, हे तं पीठ हाय."

"हो," तो म्हणाला. "सकायीच काढलं घरघंटीत. डबा मीच भरला."

"मंग आनलं कायले?"

तो वर चक्कीच्या पट्ट्याकडे बघत राहिला. रांगेतले बाकीचे गडी ऐकत होते, म्हणून आवाज खाली आणला.

"थे आत्ताच निजली, बाई. मी घरात असलो का उठून बसते, चहा पायजे काय म्हनून इचारते. मले समजाले लय दिवस लागले." त्यानं रुमाल नीट केला. "आज टाकी लावाची हाय काय? तीन घंटे लागले तरी चालते."

त्या माणसाला मी उन्हाळाभर हसले होते, त्याच्या चिठ्ठ्यांना, त्याच्या वेळापत्रकाला.

मी झाकण लावलं आणि त्याचा डबा रांगेत सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला.